घाट उतरण्यापूर्वी : जुन्या जीपची तेलगळती

रोहिणी नक्षत्र मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास लागते. धूळवाफेवर भाताचे रोप टाकणाऱ्या शेतकऱ्यास त्यापूर्वी बियाणे घरात येऊन पडलेले हवे असते. कर्जत येथे कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र असून कर्जत-३, कर्जत-७ ह्यांसारखे वाण ह्याच केंद्राने दिलेले आहेत. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील भातउत्पादकास ओतूरहून माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कर्जत गाठता येते. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकाच वाहनाने जावे, केंद्रातील माणसांशी प्रत्यक्ष बोलावे व आपापल्या जमिनीस साजेसे बियाणे घेऊन यावे, हा बेत सर्वथा स्तुत्य होय. परंतु अशा प्रवासास गावात उपलब्ध असलेले वाहन बहुधा एखादी जुनी जीपच असते, आणि जुनी जीप म्हटली की तिच्याखाली तेलाचा डाग हा आलाच.

ह्या डागाकडे दोन तऱ्हांनी पाहिले जाते. काही मालक तो दिसताच घाबरून सबंध इंजिन उतरवावयास निघतात. बहुतेक मात्र ‘जीप आहे, गळायचीच’ असे म्हणून खाली एक पत्र्याचा डबा ठेवतात व निश्चिंत होतात. ह्या दुसऱ्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते अधिक घातक आहे. काही गळत्या वर्षानुवर्षे चालवून घेता येतात. काही गळत्या घेऊन घाटाच्या तोंडाशीदेखील जाऊ नये. कोणती गळती कोणत्या वर्गातील, हे ओळखणे हाच येथे खरा प्रश्न आहे.

जीप आणि ग्रामीण महाराष्ट्र ह्यांचा संबंध जुना आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत विलीज जीपच्या जुळणीस प्रारंभ झाला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा विकासगटाच्या अधिकाऱ्यास रस्ता नसलेल्या गावी पोहोचविणारे वाहन तेच होते. १९६२ साली पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर समितीची जीप हे गावोगावचे परिचित दृश्य झाले. आता तो काळ राहिलेला नाही. १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. आज ज्या जुन्या जीपा धावतात त्या खाजगी मालकीच्या असून त्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारी आहेत. पुष्कळांची मूळची पेट्रोल इंजिने काढून डिझेल इंजिने बसविलेली आहेत. अशा वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. ती झालेली नसेल तर पुढचा मजकूर वाचण्यापूर्वी ते काम उरकावे.

गळती कोठून आहे, हे आधी ठरवावे

प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी हे काम हाती घ्यावे. आदल्या रात्री कंदिलाच्या किंवा विजेरीच्या उजेडात केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे.

जीप सपाट जागी उभी करून तिच्याखाली जुनी वर्तमानपत्रे किंवा पुठ्ठे पसरावेत. पुठ्ठ्यावर चारही चाकांच्या जागा खुणेने दाखवाव्यात, म्हणजे सकाळी जीप हलविल्यावर कोणता डाग कोणत्या भागाखाली पडला ते कळते. पुढच्या भागातील काळसर डाग इंजिनाच्या तेलाचा असतो. मध्यावरील जाड, चिकट व गंधकासारखा उग्र वास असलेला डाग गिअरबॉक्स किंवा ट्रान्स्फर केसचा. मागील डिफरन्शियलखाली तसाच डाग पडला तर तो पिनियनच्या सीलमधून आलेला असतो. चाकाच्या आतील अंगास ओलावा दिसला तर मात्र अधिक बारकाईने पाहावे, कारण तेथे दोन निरनिराळी तेले गळू शकतात : ॲक्सलमधील गिअरचे तेल आणि चाकाच्या सिलिंडरमधील ब्रेकचे तेल. ह्यांची पारख सोपी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात त्या द्रवाचा थेंब सोडावा. गिअरचे तेल पाण्यावर तरंगते व त्यावर रंगीत तवंग दिसतो. नेहमीच्या वापरातील ब्रेकचे तेल पाण्यात मिसळून जाते.

डाग जेथे पडतो तेथेच गळती असते, असे मात्र समजू नये. तेल वरून खाली ओघळते आणि वाहन चालू असता वाऱ्याने मागे फेकले जाते. झाकणाच्या पॅकिंगमधून झिरपलेले तेल इंजिनाच्या बाजूने उतरून मागील टोकाशी ठिबकते आणि मिस्त्री क्रँकशाफ्टच्या मागील सीलचे निदान करून मोकळा होतो. म्हणून इंजिनाचा बाहेरचा भाग डिझेल व ब्रश घेऊन स्वच्छ धुवावा, कोरडा करावा आणि संशयित जागी खडूची पूड किंवा अंगास लावावयाची पावडर भुरभुरावी. धुण्यासाठी पेट्रोल कधीही वापरू नये. त्याची वाफ ठिणगीस निमित्तच शोधत असते. त्यानंतर जीप पाच-सहा किलोमीटर चालवून आणावी. पुडीवर ओलसर रेघ जेथून सुरू झालेली दिसेल ती, म्हणजे सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा, हेच गळतीचे मूळ होय.

आधी श्वास मोकळा करावा

कोणतेही सील किंवा पॅकिंग विकत आणण्यापूर्वी एक बिनखर्चाचे काम करावे. इंजिन, गिअरबॉक्स व ॲक्सल ही सारी बंद पात्रे आहेत. चालताना ती तापतात, आतील हवा फुगते आणि तिला बाहेर पडण्यासाठी ठेवलेली वाट म्हणजे ब्रीदर. मागील ॲक्सलच्या नळीवर बोटाच्या पेराएवढा असा ब्रीदर असतो. चिखलातून, ओढ्यातून व शेणखताच्या ढिगांमधून हिंडणाऱ्या जीपमध्ये तो हटकून बुजलेला सापडतो. वाट बंद झाली की फुगलेली हवा सर्वांत दुबळी जागा शोधते, आणि ती जागा म्हणजे ऑईल सील. अशा वेळी कितीही नवे सील बसविले तरी तेल पुन्हा बाहेर येते, आणि दोष दुकानदाराच्या मालास दिला जातो. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवावा व त्यातून हवा आरपार जाते की नाही, हे पाहून परत लावावा.

इंजिनाच्या बाबतीतही हेच. क्रँककेसमधील वाफा बाहेर नेणारी नळी व तिच्यातील झडप साफ करावी. ती साफ असूनही इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण उघडले असता धुराचा जोरदार फुत्कार येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. अशा इंजिनाची गळती पॅकिंग बदलून थांबत नाही.

तेलाची पातळी हीदेखील तपासावी. खुणेच्या वर तेल भरले असता ते गळणारच. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा न्याय तुपाला लागू असेल, तेलाला नाही.

चालवून घेण्यासारखी गळती

क्रँकशाफ्टच्या मागील टोकाशी असलेल्या सीलमधून येणारे तेल इंजिन व गिअरबॉक्स ह्यांच्यामधील हाऊसिंगच्या तळाच्या भोकातून ठिबकते. जुन्या विलीज नमुन्याच्या इंजिनात हे सील म्हणजे सुताच्या वेणीचे दोन अर्धगोल असत. शाफ्ट झिजलेला असला म्हणजे ते पूर्णपणे कोरडे राहणे कठीणच. ते बदलण्यासाठी खालचे चेंबर, बेअरिंगची टोपी आणि कित्येकदा गिअरबॉक्ससुद्धा उतरवावा लागतो. प्रवास आठ-दहा दिवसांवर असता केवळ चार थेंबांसाठी हे काम काढणे शहाणपणाचे नाही. परंतु क्लच पकडत नसेल, चढावर इंजिन ओरडते व गाडी पुढे सरकत नसेल, तर तेल क्लच प्लेटवर पोहोचले आहे असे समजून दुरुस्ती अटळ मानावी.

येथे थोडा हिशोब उपयोगी पडेल. वीस थेंबांचा एक मिलिलिटर असे ढोबळ मान धरले, तर दर दहा सेकंदास एक थेंब गळणाऱ्या इंजिनातून आठ तासांत सुमारे १४४ मि.लि. तेल जाते. दर सेकंदास एक थेंब गळत असेल तर तेवढ्याच वेळात सुमारे १,४४० मि.लि. जाईल. विलीज पेट्रोल इंजिनात एकूण तेल चार लिटरांच्या आसपास असते. म्हणजे पहिल्या प्रकारची गळती सोबत तेल बाळगून व वाटेत दोनदा पातळी पाहून निभावता येते; दुसऱ्या प्रकारची निभावता येत नाही. थेंब मोजताना इंजिन तापलेले व चालू असावे. थंड इंजिनाखालील डबा खरी स्थिती सांगत नाही.

गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस ह्यांच्याबाबत मात्र हा उदारपणा दाखवू नये. त्यांतील प्रत्येकात तेल जेमतेम लिटर-दीड लिटर असते. त्यांना गेज पट्टी नसते, की तेल कमी झाल्याचे सांगणारा दिवा नसतो. त्यामुळे थोड्याशा गळतीने ते केव्हा रिकामे झाले, हे दात खडखडू लागेपर्यंत कळत नाही. बाजूचा भरणीचा बूच उघडावा, बोट आत घालावे. तेल बुचाच्या कडेशी लागले पाहिजे. दोन्हींची पातळी स्वतंत्रपणे पाहावी, कारण ती एकमेकांस जोडलेली असल्याने मधले सील निकामी झाले म्हणजे एकातील तेल दुसऱ्यात उतरू शकते.

चेंबरचे पॅकिंग हे काम गावच्या मिस्त्रीस सहज जमण्यासारखे आहे. पण ते बिघडते बहुधा एकाच कारणाने. गळती दिसली की बोल्ट आणखी आवळला जातो. कॉर्कचे पॅकिंग त्यामुळे चेपून बाहेर येते, चेंबरच्या पत्र्याची कड प्रत्येक बोल्टापाशी वाकते आणि दोन बोल्टांमधील जागा उघडी पडते. पॅकिंग बदलताना आधी ही कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करावी. जुन्या पॅकिंगचा कणन्‌कण खरवडून काढावा. बोल्ट समोरासमोरचे घेत, थोडेथोडे व सारखे आवळावेत. सिलिकॉनचा लेप लावावयाचा असेल तर तो बारीक वातीएवढाच असावा. लोण्यासारखा थापलेला लेप आतील बाजूस निघून तुटतो व त्याचे तुकडे तेलाच्या जाळीवर बसून पंपाचा घास अडवितात. गळती थांबली, पण इंजिन गेले, असा तो व्यवहार होतो. नळीवर सांगितला असेल तेवढा वेळ लेप वाळू द्यावा, मगच तेल भरावे. तेल काढण्याच्या बुचाखालील वायसर प्रत्येक वेळी नवा टाकावा.

गळती थांबविण्यासाठी तेलात ओतावयाची औषधे बाजारात मिळतात. कडक झालेल्या रबरास ती थोडी मऊ करतात, इतपत खरे. फाटलेले पॅकिंग किंवा झिजलेला शाफ्ट त्यांच्याने सुधारत नाही. रेडिएटर गळू लागला की हळद टाकून गाव गाठणारे जुने चालक अजूनही भेटतात. तो उपाय पाण्यापुरता चालतो. तेलाला हळद नाही.

जी गळती घेऊन घाटात जाऊ नये

आता मुख्य मुद्दा. जीपच्या मागील ॲक्सलमधील तेल दोन्ही टोकांस एकेका सीलने अडविलेले असते. हे सील गेले की तेल सरळ ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते व लायनर भिजतो. भिजलेला लायनर सपाटीवर थोडाफार पकडतो, कधी एकच चाक पकडून गाडी बाजूस ओढतो. परंतु माळशेजसारख्या घाटात, मागे माणसे व माल असताना, लागोपाठ ब्रेक दाबावा लागून ड्रम तापतो, तेल पातळ होते आणि पेडल टणक असूनही गाडी थांबत नाही. पेडल टणक लागते म्हणून चालकास शेवटपर्यंत संशय येत नाही.

दुसरे स्थान हातब्रेकचे. जुन्या विलीज नमुन्याच्या जीपमध्ये हातब्रेकचा ड्रम चाकावर नसून ट्रान्स्फर केसच्या मागील बाजूस, प्रॉपेलर शाफ्टच्या मुळाशी असतो. तेथील सील गळले की पहिला भिजतो तो हातब्रेकच. म्हणजे मागच्या दोन गळत्यांनी मिळून पायाचा व हाताचा असे दोन्ही ब्रेक एकाच दिवशी निकामी होऊ शकतात. पुठ्ठ्यावर मध्यभागी पडलेला तो साधा दिसणारा डाग म्हणूनच उपेक्षणीय नाही.

चाकाचे सील बदलण्याचे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे. तथापि मालकाने जवळ उभे राहून काही गोष्टींवर लक्ष ठेवावे. गाडी केवळ जॅकवर उचलून कोणीही खाली जाऊ नये. उरलेल्या चाकांच्या मागेपुढे अडसर लावावेत व ॲक्सलखाली लोखंडी घोडी किंवा लाकडाचे भक्कम ओंडके द्यावेत. विटांचा थर भाराखाली एकाएकी फुटतो. त्यावर विसंबू नये. बऱ्याच जीपांचे मागील हब निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेले असतात. ते पुलरनेच काढावेत. हातोड्याचे घाव शाफ्टच्या टोकावर घातले असता धक्का आतील बेअरिंगपर्यंत पोहोचतो. आत पातळ पत्र्याच्या शिमा निघतील. त्या ज्या बाजूच्या असतील त्याच बाजूस व तितक्याच संख्येने परत गेल्या पाहिजेत. ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व ती धूळ फुप्फुसास अपायकारक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे.

नव्या सीलची स्प्रिंग असलेली ओठाची बाजू तेलाकडे असावी. बसविण्यापूर्वी ओठास थोडे तेल लावावे. कोरडे सील पहिल्याच फेरीत जळते. ते सपाट ठोकळ्याने किंवा योग्य मापाच्या नळीच्या तुकड्याने सारखे आत सारावे. एका कडेवर ठोकून तिरपे बसविलेले सील आठवडाभरही टिकत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सील ज्या जागी घासते तेथे शाफ्टवरून नख फिरवून पाहावे. नख खाचेत अडकले तर नवे सीलही गळेल. अशा वेळी सील किंचित अलीकडे बसवून त्याचा ओठ ताज्या पृष्ठभागावर आणावा, अथवा शाफ्टवर पातळ बाही चढवून घ्यावी.

भिजलेल्या लायनरचे काय करावे, ह्याविषयी अनेक युक्त्या प्रचलित आहेत. कोणी पेट्रोलने धुतात, कोणी पेटवून देतात. वरून लायनर कोरडा दिसतो खरा. परंतु आत मुरलेले तेल ड्रम तापताच पुन्हा पृष्ठभागावर येते, आणि ड्रम तापतो तो नेमका घाटात. लायनर नवेच टाकावेत, व तेही दोन्ही चाकांस एकदम, म्हणजे गाडी एका अंगास ओढणार नाही. चार जणांच्या प्रवासखर्चात हा खर्च वाटून घेण्यास कोणाची हरकत असू नये. हरकत घेणाऱ्यास मागे बसवून न्यावे.

निघण्यापूर्वी

दुरुस्तीनंतर नेहमीएवढा भार घालून वीस-तीस किलोमीटरची फेरी मारावी. तीत एखादा चढ-उतार असावा. परत आल्यावर चारही ड्रमांस हाताने दुरूनच अंदाज घ्यावा. एकच ड्रम इतरांपेक्षा फार तापला असेल तर ब्रेक घासतो आहे, अगदी थंड असेल तर तो पकडतच नाही. हातब्रेकची परीक्षा लहानशा उतारावर, चाकापुढे हातभर अंतरावर मोठा दगड ठेवून करावी. चालत्या गाडीस हा ब्रेक ओढू नये. त्याचा सारा ताण प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांवर येतो. रात्रभर पुन्हा पुठ्ठे पसरावेत व आधीच्या पुठ्ठ्यांशी ताडून पाहावेत.

सोबत दोन लिटर इंजिनाचे तेल, लिटरभर गिअरचे तेल, नरसाळे, चिंध्या, जुळणारे पाने व विजेरी असावी. एखादी साबणाची वडीही असावी : इंधनाची टाकी वाटेत झिरपू लागली तर चिरेवर साबण घासून मुक्कामापर्यंत पोहोचता येते. इंधनाची गळती मात्र तेलाच्या गळतीहून निराळी समजावी. ती थांबल्याखेरीज इंजिन चालू करू नये व आसपास कोणी विडी ओढू नये.

घाटाच्या माथ्यावर थांबून पातळी व चाकांचा आतील भाग पाहावा. ज्या गिअरमध्ये हा घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नये. टोकावडे गाठल्यावर पुन्हा एकदा खाली वाकून पाहावे.

काढलेले जळके तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा उकिरड्यावर ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या डब्यात साठवून ते घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. परतीच्या वेळी तेलाचे डबे पुढे पायाशी ठेवावेत आणि बियाण्याची पोती मागे, फळीवर, कोरड्या ताडपत्रीखाली रचावीत. तेलात भिजलेल्या तळावर पोते ठेवले तर खालच्या थरातील दाणा उगवणीस मुकतो, आणि ते कळते ते वाफ्यात रोप विरळ दिसल्यावर.